हवा विकत घेताना : घरगुती कॉम्प्रेसरची निवड

दसरा सरला की घरोघरी रंगकामाचा विषय निघतो. खिडक्यांच्या ग्रिल्स, बाल्कनीतील लोखंडी दार, आजोबांच्या वेळचे सागवानी कपाट अशी यादी तयार होते. रंगाऱ्याने सांगितलेला आकडा ऐकल्यावर घरातील कोणीतरी म्हणते, की एवढ्या पैशांत कॉम्प्रेसरच विकत घेता येईल. रंग झटपट मारून होईल, शिवाय स्कूटरच्या चाकांत हवा भरता येईल, वातानुकूलन यंत्राच्या जाळ्याही साफ होतील! हा हिशेब सकृद्दर्शनी बिनतोड वाटतो. मग मोबाइलवर शोध सुरू होतो आणि '१ एच.पी., २४ लिटर, ८ बार' किंवा '२ एच.पी., ५० लिटर' अशी बिरुदे मिरविणारी वीस-पंचवीस यंत्रे समोर येतात. त्यांतील किंमत सोडली तर एकही आकडा सर्वसामान्य ग्राहकाच्या परिचयाचा नसतो. साहजिकच निवड किमतीवर होते आणि पुष्कळदा तेथेच फसते.

ज्या आकड्यावर निवड व्हावयास हवी, तो जाहिरातीत बहुधा बारीक अक्षरांत असतो. यंत्र दर मिनिटास प्रत्यक्ष किती हवा देते, हा तो आकडा होय. तो घनफूट प्रतिमिनिट, म्हणजे बाजारातील भाषेत सी.एफ.एम. या एककात सांगितला जातो. एक घनफूट म्हणजे सुमारे २८.३ लिटर. येथेही एक मेख आहे. पिस्टन एका फेरीत जेवढी जागा व्यापतो, तिला फेऱ्यांच्या संख्येने गुणून येणारा आकडा कागदोपत्री असतो. त्याला विस्थापन म्हणतात. झडपांतील गळती, तापलेली हवा आणि सिलिंडरच्या माथ्यावर उरणारी मोकळी जागा यांमुळे प्रत्यक्ष बाहेर पडणारी हवा त्याहून बरीच कमी भरते. तिला 'फ्री एअर डिलिव्हरी' किंवा एफ.ए.डी. असे नाव आहे. विक्रेता पहिला आकडा मोठ्या अक्षरांत छापतो. ग्राहकाने दुसरा विचारावयाचा असतो.

टाकी आणि पंप यांचे नाते बँकेच्या ग्राहकास समजावून सांगण्याची खरे तर गरज नाही. टाकी ही खात्यातील शिल्लक आणि पंपाने दिलेली हवा ही दरमहाची आवक. खर्च आवकेपेक्षा अधिक असेल, तर मोठी शिल्लक अडचणीचा दिवस थोडा पुढे ढकलते, इतकेच. समजा, स्प्रे गनला मिनिटाला ६ घनफूट, म्हणजे सुमारे १७० लिटर हवा लागते आणि १ एच.पी.चे यंत्र प्रत्यक्षात ७७ लिटर देते. २४ लिटरच्या टाकीतील दाब ८ बारवरून ३ बारवर येईपर्यंत साठ्यातून २४ गुणिले ५, म्हणजे १२० लिटर हवा मिळते. मिनिटामागे ९३ लिटरची तूट लक्षात घेता हा साठा जेमतेम एक-सव्वा मिनिटात संपतो. फवारा मंदावतो, रंगाचे थेंब जाड पडू लागतात आणि ग्रिलवर ओघळ येतात. टाकी ५० लिटरची घेतली, तरी पंप तोच असल्यास हीच वेळ अडीच ते पावणेतीन मिनिटांनी येते.

एफ.ए.डी.चा आकडा पत्रकात नसेल, तर तो दुकानातच काढता येतो. त्यासाठी मनगटावरचे घड्याळ पुरते. टाकी पूर्ण रिकामी करावी, निर्गम बंद करावा आणि यंत्र सुरू करून दाबमापकाचा काटा ८ बारपर्यंत पोहोचण्यास लागणारा वेळ मोजावा. २४ लिटरच्या टाकीत ८ बारपर्यंत सुमारे १९२ लिटर हवा भरावी लागते. त्यास अडीच मिनिटे लागली, तर यंत्राची सरासरी क्षमता मिनिटाला ७७ लिटर, म्हणजे पावणेतीन घनफूट निघते. चढ्या दाबावर ती आणखी थोडी कमी धरावी. मुंबईची नागदेवी स्ट्रीट असो वा पुण्याची बोहरी आळी, ही चाचणी करून दाखविण्यास जो दुकानदार का-कू करतो, त्याच्याकडील यंत्र तेथेच ठेवणे इष्ट. यंत्र थांबताच 'फुस्स' असा थोडका आवाज आला पाहिजे, हेही त्याच वेळी ऐकून घ्यावे. प्रेशर स्विच पंप आणि टाकी यांमधील नळीतली कोंडलेली हवा सोडून देतो, त्याचा तो आवाज. ही हवा सुटली नाही, तर पुढच्या वेळी मोटारला दाबाविरुद्ध सुरुवात करावी लागते आणि कमी व्होल्टेज असलेल्या गावांत ती नुसती घरघरत राहून जळते.

क्षमता कळली, की ती घरातील कामांशी ताडून पाहावी. केवळ चाकांत हवा भरणे हाच हेतू असेल, तर कॉम्प्रेसरचा विचार सोडून द्यावा. मोटारीच्या चाकास साधारणतः ३० ते ३५ पी.एस.आय., म्हणजे सव्वादोन बारच्या आसपास दाब लागतो आणि गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा छोटा पंप तेवढे काम करतो. जाळ्यांवरील धूळ उडविणे, लाकडी पट्ट्यांना बारीक खिळे मारणे, सोफ्याच्या कापडास पिना ठोकणे ही कामे हवा थोडी-थोडी घेतात. त्यांना १ एच.पी. आणि २४ लिटरचे यंत्र उत्तम. सुतार घरोघरी जे लहान यंत्र घेऊन येतात, ते याच कारणाने. दारे, ग्रिल्स आणि कपाटे रंगविण्याचा मात्र वेगळा विचार करावा लागतो. आधी गन ठरवावी, तिच्या पत्रकातील हवेची गरज पाहावी आणि त्याहून किमान एक चतुर्थांश अधिक हवा देणारे यंत्र घ्यावे. गन ३-४ घनफुटांची असेल, तर २ एच.पी.चे यंत्र पुरावे. कमी दाबावर भरपूर हवा फेकणाऱ्या मोठ्या एच.व्ही.एल.पी. गनला मिनिटाला ८ ते १२ घनफूट लागू शकतात. तिच्या मागे धावणे घरगुती अंदाजपत्रकास परवडणारे नाही. भिंतींसाठी तर रोलर आणि ब्रशच बरा. दाट इमल्शन लहान गनमधून नीट उडत नाही आणि जमिनीवर, पंख्यावर बसलेला रंग पुसण्यात सबंध रविवार जातो.

तेलाचे की बिनतेलाचे, हा प्रश्न दुकानात हमखास विचारला जातो. बिनतेलाच्या यंत्रास देखभाल कमी आणि त्याची हवा रंगकामास स्वच्छ. पण थेट मोटारीवर, मिनिटाला सुमारे २,८०० फेऱ्यांनी फिरणारी स्वस्त यंत्रे इतका गोंगाट करतात, की सहनिवासात दुपारी ती लावली, तर शेजारी दार ठोठावल्यावाचून राहत नाहीत. १,४०० फेऱ्यांची यंत्रे महाग असली तरी सुसह्य असतात. तेलाचे यंत्र सहसा अधिक टिकते, परंतु तेलाची पातळी पाहावी लागते आणि हवेसोबत तेलाचा अंश गेल्यास ताज्या रंगावर खळगे पडतात. सुटे भाग हा मुद्दा दोहोंपेक्षा महत्त्वाचा. कोईमतूर हे आपल्याकडील या उद्योगाचे जुने केंद्र. तेथील एल्जी ही कंपनी १९६० सालापासूनची आहे. पिस्टनची कडी किंवा झडपेची पट्टी आपल्या शहरात मिळते का, हे न विचारता घेतलेले निनावी आयात यंत्र पहिल्या बिघाडातच भंगारात जाते.

विजेचा हिशेबही आधीच करावा. २ एच.पी.ची मोटार चालू असताना साधारण १० अँपिअर घेते आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या कित्येक पट. म्हणून तिला १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट हवा. गच्चीवर काम असल्यास बारीक तारेचा एक्स्टेन्शन बोर्ड वर नेण्याऐवजी यंत्र प्लगजवळ ठेवून हवेची नळी लांब घ्यावी.

किंमत पाहताना नळी, रेग्युलेटर, पाणी अडविणारा फिल्टर, गन आणि चष्मा हे सर्व त्यात धरावे; यंत्राच्या छापील किमतीवर ही भर हमखास पडते. हप्त्यांवर खरेदी करणाऱ्यांनी 'नो कॉस्ट' या शब्दांचा अर्थ नीट समजून घ्यावा. शून्य टक्के व्याज अशी गोष्ट अस्तित्वात नाही, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. आजच्या अशा योजनांत व्याज आकारले जातेच. विक्रेता तेवढी सूट किमतीत देतो. ९,००० रुपयांच्या यंत्रावर १५ टक्के दराने सहा महिन्यांचे व्याज सुमारे ३८० रुपये होते. त्यावर १८ टक्के जी.एस.टी., म्हणजे ६९ रुपये, ग्राहकाच्या माथी पडतो. प्रक्रिया शुल्क १९९ रुपये असल्यास करासह २३५ रुपये आणखी. 'नो कॉस्ट'ची किंमत अशी ३०० रुपयांवर जाते. रोखीची सूट हुकली असेल, तर ती वेगळीच. बिलावर यंत्राचा अनुक्रमांक लिहून घेण्यास विसरू नये. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, त्यामुळे विक्रेता परगावचा असला तरी बिल उपयोगी पडते.

सर्वांत स्वस्त पर्याय म्हणून जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर आणि स्वयंपाकाच्या गॅसचा रिकामा सिलिंडर जोडून यंत्र बनविण्याचे उद्योग काही जण करतात. यात वाचणारे दोन-चार हजार रुपये जिवावर बेतू शकतात. तो सिलिंडर ग्राहकाच्या मालकीचा नसतो. तो तेल कंपनीचा असतो आणि ग्राहकाने केवळ अनामत भरलेली असते. त्यास भोक पाडून वेल्डिंग करणे हा आगीशी खेळ आहे आणि त्यात दमट हवा कोंडली, की तो आतून गंजत जातो. जुन्या बाजारातील कॉम्प्रेसरच्या टाकीचेही तेच. बाहेरून नवा रंग दिलेला असतो, आतील पत्रा किती उरला हे दिसत नाही. वेल्डिंगचे ठिगळ असलेली टाकी कोणत्याही किमतीस घेऊ नये आणि सेफ्टी व्हॉल्व्ह गळतो म्हणून तो बूच मारून बंद करू नये. कपड्यांवरील धूळ झटकण्यासाठी किंवा गंमत म्हणून ही हवा कोणाच्या अंगावर सोडणे तर सर्वस्वी वर्ज्य. शरीरात शिरलेल्या दाबाच्या हवेने आतडी फाटून कारखान्यांत कामगार दगावले आहेत आणि त्यांतील काही घटना निव्वळ थट्टेतून घडल्या आहेत.

टाकी गंजते ती पाण्याने, आणि हे पाणी हवेतूनच येते. कोकणात जुलै महिन्यात ३० अंश तापमानाच्या हजार लिटर हवेत जवळजवळ २७ ग्रॅम बाष्प असते. ती हवा ८ बारपर्यंत दाबून थंड झाली, की त्यातील २०-२५ ग्रॅमचे पाणी होऊन टाकीच्या तळाशी साचते. ६ घनफुटांच्या गनने सहा मिनिटे रंग मारला, की एवढी हवा वापरून होते. काम संपल्यावर प्लग काढून, दाब उतरवून, टाकीखालील तोटी उघडावी. पहिल्यांदा तांबूस पाणी येते, मग नितळ. ते थांबेपर्यंत तोटी उघडीच ठेवावी.