घटक ४ : शोधशब्दांची निवड – येवल्याच्या पैठणीचे उदाहरण

४.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपल्याला –

• शोधशब्द ही संकल्पना स्पष्ट करता येईल.
• विक्रेत्याचे शब्द आणि ग्राहकाचे शब्द यांतील अंतर ओळखता येईल.
• शोधामागील हेतूनुसार शब्दांचे वर्गीकरण करता येईल.
• एखाद्या लहान व्यवसायासाठी शोधशब्दांची यादी तयार करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, जाहिरात ग्राहकाकडे जाते. शोधात मात्र ग्राहक विक्रेत्याकडे येतो, आणि येताना तो स्वतःचे शब्द घेऊन येतो. मोबाइलवर ग्राहकाने जे दोन-चार शब्द लिहिले किंवा उच्चारले, त्यांच्याशी आपल्या पानावरील मजकूर जुळला तर गाठ पडते. अन्यथा उत्तम माल असूनही दुकान त्याच्या दृष्टीस पडत नाही.

म्हणून शोधशब्दांची निवड हा तांत्रिक विषय असला, तरी त्याचा गाभा भाषिक आहे. समानार्थी शब्द, अर्थच्छटा, बोली, लेखनभेद, अर्थविस्तार या मराठीच्या अभ्यासातील संकल्पना येथे प्रत्यक्ष उपजीविकेशी जोडल्या जातात. त्या कशा, हे आपण नाशिक जिल्ह्यातील येवल्याच्या पैठणीच्या आधारे पाहू.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ शोधशब्द म्हणजे काय?

शोधयंत्राचे काम तीन टप्प्यांत चालते. प्रथम ते इंटरनेटवरील पाने वाचत फिरते. नंतर त्या पानांची सूची करते. पुस्तकाच्या अखेरीस असलेल्या शब्दसूचीसारखीच, पण प्रचंड मोठी. शेवटी, कोणी शोध घेतला की त्या सूचीतून जुळणारी पाने काढून उपयुक्ततेच्या क्रमाने मांडते. ग्राहक ज्या शब्दांनी शोध घेण्याची शक्यता आहे आणि म्हणून विक्रेता आपल्या पानाच्या शीर्षकात, वर्णनात किंवा जाहिरातीत जे शब्द जाणीवपूर्वक योजतो, त्यांना शोधशब्द म्हणतात. शोधशब्द एका शब्दाचा असतो किंवा अनेक शब्दांचा.

एक गैरसमज येथेच दूर करावयास हवा. पानाच्या मागे, वाचकाला न दिसणाऱ्या जागी, शब्दांची लांबलचक यादी भरली की काम झाले असे पुष्कळांना वाटते. गूगलने 2009 मध्येच जाहीर केले की अशी यादी आपण क्रमवारीसाठी विचारात घेत नाही. शब्द वाचकाला दिसणाऱ्या मजकुरात, नैसर्गिक वाक्यांत यावे लागतात.

४.२.२ विक्रेत्याची भाषा आणि ग्राहकाची भाषा

समजा, येवल्यातील एक विणकर कुटुंब आपल्या साड्या इंटरनेटवरून विकू इच्छिते. त्यांच्या बोलण्यात धोटा, जर, काठ, बुट्टी, एकधोटी, तीनधोटी असे शब्द सहज येतात. ‘एकधोटी’ या शब्दातून वीण कशी, श्रम किती, हे जाणकाराला कळते. परंतु पुण्यात किंवा नागपुरात बसलेल्या, प्रथमच पैठणी घेणाऱ्या ग्राहकाला हा शब्द ठाऊक नसण्याचीच शक्यता अधिक. तो ‘ओरिजिनल पैठणी किंमत’, ‘लग्नासाठी पैठणी’ असे काही लिहील. विक्रेता ‘अस्सल’ लिहितो, ग्राहक ‘ओरिजिनल’ लिहितो. विक्रेता ‘डाळिंबी’ म्हणतो, ग्राहक ‘मरून’ म्हणतो.

यावर उपाय व्यवसायाचे शब्द टाकून देणे हा नव्हे. ग्राहकाच्या शब्दाने आरंभ करावा आणि विणकराच्या शब्दापर्यंत त्याला न्यावे. उदाहरणार्थ : ‘मरून रंगाची, म्हणजेच डाळिंबी, हातमागावरील पैठणी, पदरावर मोर, काठ नारळी.’ या एका ओळीत दोन्ही भाषा आल्या. नवखा ग्राहक पहिल्या शब्दाने पोहोचतो, जाणकार दुसऱ्या शब्दाने.

४.२.३ शोधामागील हेतू

अँड्रेई ब्रोडर या संगणकशास्त्रज्ञाने 2002 मध्ये शोधांचे हेतूनुसार तीन प्रकार मांडले. ते आपल्या उदाहरणाला असे लागू होतात :

१. माहितीसाठी शोध – ‘पैठणी कशी ओळखावी’, ‘पैठणी घरी कशी जपावी’. शोधणारा आज विकत घेईलच असे नाही. पण चांगले उत्तर देणाऱ्या पानावर त्याचा विश्वास बसतो.
२. विशिष्ट स्थळाकडे जाण्यासाठी शोध – एखाद्या दुकानाचे नाव लिहून केलेला शोध. येथे दुकानाचे नाव सर्वत्र एकाच पद्धतीने लिहिलेले असणे महत्त्वाचे.
३. व्यवहारासाठी शोध – ‘येवला हातमाग पैठणी ऑनलाइन खरेदी’. हा ग्राहक खरेदीच्या सर्वांत जवळ असतो.

केवळ ‘साडी’ या शब्दावर लहान विक्रेत्याने विसंबू नये. त्या शब्दासाठी देशभरातील मोठ्या कंपन्या स्पर्धेत असतात, आणि शोधणाऱ्याला सुती साडी हवी की रेशमी, हेही त्यातून कळत नाही. शब्द जसजसे वाढतात तसतसे शोधणारे कमी होतात, परंतु हेतू स्पष्ट होतो. ‘संक्रांतीसाठी काळी पैठणी’ असा शोध घेणारे थोडेच. पण त्यांना काय हवे, कधी हवे आणि कशासाठी हवे, हे सर्व त्या तीन शब्दांत आहे. अशा शोधशब्दांना दीर्घ शोधशब्द म्हणतात. लहान व्यवसायाचे बळ त्यांतच असते. मराठी सणवार आणि संस्कार माहीत असलेल्या विक्रेत्याला ते सहज सुचतात : डोहाळेजेवणासाठी हिरवी, हळदीसाठी पिवळी, पाडव्यासाठी नवी.

४.२.४ लिपी, लेखन आणि रूपे

मराठी ग्राहक एकच शब्द अनेक प्रकारे लिहितो. कोणी देवनागरीत, तर कोणी रोमन अक्षरांत. रोमन लेखनात मधला स्वर कोणी लिहितो, कोणी गाळतो. ‘ण’च्या जागी ‘न’ येतो. गावाचे नाव ‘येवला’ आणि ‘येवले’ असे दोन्ही प्रकारे प्रचलित आहे. ‘नाशिक’ आणि ‘नासिक’ यांचेही तसेच.

शिवाय मराठीत नामाला प्रत्यय लागण्यापूर्वी त्याचे सामान्यरूप होते. ‘येवला’चे ‘येवल्याची’ होते, ‘साडी’चे ‘साड्यांचे’ होते. शोध घेताना मात्र लोक बहुधा प्रत्यय गाळतात आणि ‘येवला पैठणी किंमत’ अशी तारेच्या मजकुरासारखी रचना करतात. यासाठी मजकुरात दोन्ही रूपे स्वाभाविकपणे यावीत : शीर्षकात ‘येवला पैठणी’, वर्णनात ‘येवल्याच्या विणकरांनी विणलेली पैठणी’. अशुद्ध लेखन मात्र पानावर मुद्दाम करू नये. रूढ लेखनचुका शोधयंत्रे बऱ्याच अंशी ओळखतात, आणि अशुद्ध मजकुराने ग्राहकाचा विश्वास उणावतो.

४.२.५ निवडीची पद्धत

१. ऐकणे. दूरध्वनीवर, व्हॉट्सॲपवर, दुकानात ग्राहक जे विचारतात ते त्यांच्याच शब्दांत वहीत टिपावे.
२. विस्तार. शोधाच्या चौकटीत एक शब्द लिहून थांबावे. खाली दिसणाऱ्या सूचना पाहाव्यात. त्या पुष्कळ अंशी इतरांनी घेतलेल्या शोधांवर आधारलेल्या असतात.
३. तुलना. गूगल ट्रेंड्स या विनामूल्य साधनात दोन शब्द शेजारी ठेवून पाहता येतात. तेथील 0 ते 100 हे आकडे सापेक्ष असतात. 100 म्हणजे निवडलेल्या काळातील सर्वोच्च प्रमाण, शंभर शोध नव्हेत.
४. निवड. प्रत्येक पानासाठी एक मुख्य आणि तीन-चार पूरक शब्द ठरवावेत. एकाच पानावर सर्व शब्द कोंबू नयेत.
५. पडताळणी. सर्च कन्सोल या साधनात, आपले पान कोणत्या शोधांत दिसले आणि किती जणांनी ते उघडले, हे कळते. दर दोन-तीन महिन्यांनी यादी सुधारावी.

सशुल्क जाहिरातीत ही निवड थेट पैशाशी भिडते, कारण तेथे बहुधा प्रत्येक क्लिकमागे शुल्क पडते. उदाहरणादाखल, एका क्लिकला 5 रुपये धरू. ‘स्वस्त साडी’ या शब्दावरून 100 जण आले आणि हातमागाच्या पैठणीची किंमत पाहून परत गेले, तर 500 रुपये वाया गेले. ‘हातमाग पैठणी येवला’ यावरून 20 जण आले आणि एकाने साडी घेतली, तर 100 रुपयांत एक विक्री झाली. म्हणूनच ‘स्वस्त’, ‘भाड्याने’ यांसारखे शब्द वर्ज्य शब्द म्हणून नोंदवण्याची सोय जाहिरातीत असते.

४.२.६ शब्दाची सत्यता

‘पैठणी’ हे नाव गोदाकाठच्या पैठण या गावावरून आले. पुढे येवला हे तिचे मोठे केंद्र झाले. आज या शब्दाचा आणखी अर्थविस्तार झाला आहे : यंत्रमागावरील ‘सेमी पैठणी’, पैठणीच्या काठाचा ड्रेस, पैठणीची पर्स. ‘पैठणी’ असा शोध घेतला की हे सर्व एकत्र समोर येते. अनेक दिवस मागावर बसून विणलेली साडी आणि यंत्रावर झटपट निघालेली साडी एकाच शब्दाखाली शेजारी दिसतात, आणि ग्राहकाला फक्त किमतीतला फरक कळतो. विणकराचे खरे नुकसान येथे होते.

पैठणीला 1999 च्या कायद्यानुसार भौगोलिक मानांकन लाभलेले आहे. त्यामुळे हे नाव दिशाभूल करण्यासाठी वापरणे अनुचित तर आहेच, शिवाय ते कायद्याच्या कक्षेत येऊ शकते. यंत्रमागाची साडी विकणाऱ्याने ‘सेमी पैठणी’ असे स्पष्ट लिहावे. त्या साडीलाही तिचा ग्राहक आहे. हातमागाची साडी विकणाऱ्याने ‘हातमाग’ हा शब्द शीर्षकातच द्यावा आणि त्याचा पुरावा मजकुरात मांडावा : पदराच्या उलट्या बाजूचे छायाचित्र (हातमागाच्या पैठणीची नक्षी दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखी दिसते, यंत्राच्या नक्षीत मागे बहुधा सुटे धागे आढळतात), आणि असल्यास सिल्क मार्क व हँडलूम मार्क. शोधशब्द हे ग्राहकाला दिलेले वचन असते. पान उघडल्यावर ते पाळले गेले पाहिजे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

(अ) योग्य पर्याय निवडा. ‘पैठणी कशी ओळखावी’ हा शोध कोणत्या प्रकारचा आहे?
(१) व्यवहारासाठी (२) माहितीसाठी (३) विशिष्ट स्थळाकडे जाण्यासाठी

(आ) चूक की बरोबर ते सांगा. गूगल ट्रेंड्समधील 100 हा आकडा म्हणजे प्रत्यक्ष शंभर शोध.

४.३ सारांश

शोधशब्द म्हणजे ग्राहकाच्या तोंडचे शब्द. विक्रेत्याने ते ऐकून टिपावे लागतात. सामान्य शब्दापेक्षा दीर्घ शब्द लहान व्यवसायाला अधिक उपकारक ठरतो, कारण त्यातून हेतू कळतो. लिपी, लेखनभेद व सामान्यरूपे यांचे भान मराठी विक्रेत्याला ठेवावे लागते. निवडलेला शब्द मालाशी प्रामाणिक असेल तरच त्याने आणलेला ग्राहक टिकतो.

४.४ पारिभाषिक शब्द

शोधयंत्र : इंटरनेटवरील पानांची सूची करून शोधाला उत्तर देणारी यंत्रणा.
दीर्घ शोधशब्द : तीन किंवा अधिक शब्दांचा, नेमका हेतू दर्शवणारा शोधशब्द.
वर्ज्य शब्द : ज्या शोधांत आपली जाहिरात दिसू नये असे ठरवलेले शब्द.

४.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

(अ) – (२) माहितीसाठी. (आ) – चूक.

४.६ सरावासाठी प्रश्न व उपक्रम

१. विक्रेत्याची भाषा आणि ग्राहकाची भाषा यांतील अंतर सोदाहरण स्पष्ट करा.
२. ‘पैठणी’ या शब्दाचा अर्थविस्तार आणि त्याचे व्यावसायिक परिणाम यांवर टीप लिहा.
३. उपक्रम : आपल्या परिसरातील बेदाणे, चिवडा किंवा तांब्या-पितळेची भांडी विकणाऱ्या एका व्यावसायिकाला भेटा. त्याचे ग्राहक वस्तू मागताना वापरतात ते दहा शब्द त्यांच्याच उच्चारात टिपून घ्या आणि त्यांवरून पाच दीर्घ शोधशब्द तयार करा.