टेंपोंत बसविलेलीं माणसें आणि विम्याचा कागद

वसईच्या पूर्वेस वालीव, गोखिवरे, सातिवली या टापूंत आतां भातशेतीपेक्षां कारखान्यांचे गाळेच अधिक दिसतात. सायंकाळीं सुटी झाली कीं तेथील माणसें स्टेशनाकडे निघतात आणि रिक्षा न मिळाल्यास मालाच्या टेंपोंतच, खोक्यांच्या शेजारीं, बसून जातात. आमचा एक जुना विद्यार्थी तेथें लहानसा कारखाना चालवितो. पदरीं आठ माणसें. त्यांपैकीं पांच स्त्रिया माल खोक्यांत भरण्याचें काम करितात. परवां एका रविवारीं तो टेंपोची पॉलिसी घेऊन आमच्याकडे आला. "गुरुजी, रोज संध्याकाळीं या बायकांना मी टेंपोंतून स्टेशनावर पोंचवितों. वाटेंत कांहीं झालें तर विमा कंपनी देईलच ना?"

आम्हीं तो कागद तीन वेळां वाचला. (संस्कृत टीकाग्रंथ पुरवले; त्यांत निदान अन्वय लागतो!) १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें जो विमा सक्तीचा केला आहे, त्याचें कलम २०१९ सालीं बदललें आणि तो बदल १ एप्रिल २०२२ पासून अमलांत आला. त्यांत चालक व वाहनावरील त्याचा सहकारी येतो. मालाबरोबर जाणारा मालधनी किंवा त्याचा प्रतिनिधि येतो. मालवाहनांतून फुकट नेलेला उतारू मात्र स्पष्ट शब्दांनीं वगळला आहे. सर्वोच्च न्यायालयानें २००३ सालींच असा निर्णय दिला होता. या पांचजणी कांहीं टेंपोवर कामास नाहींत. कंपनी त्यांना फुकट उतारूंतच गणणार, आणि भरपाईचा बोजा मालकाच्या घरादारावर येणार.

"म्हणजे त्यांनीं चिखलांतून पायीं जावें काय?" तो जरा रागानेंच म्हणाला. मुळींच नाहीं. पण उतारू नेण्याचा परवाना असलेली गाडी ठरवावी, आणि कामगारांच्या भरपाईची पॉलिसी निराळी घ्यावी. गाडीचा विमा आणि माणसांचा विमा हीं दोन वेगळीं प्रकरणें आहेत, हें पुष्कळ सुशिक्षितांसहि ठाऊक नसतें.

फाटकाबाहेर आपली जबाबदारी संपते, असाहि त्याचा समज होता. येथें आम्हीं त्यास आपल्या खाडीपलीकडच्या घोडबंदर रस्त्यावरील एक हकीकत सांगितली. २० जुलै १९५७ रोजीं 'बेस्ट'चा एक चालक जोगेश्वरीच्या डेपोंत गाडी लावून दुसऱ्या बसनें सांताक्रूझला घरीं निघाला. ती बस अंधेरीजवळ उभ्या लॉरीवर आदळली व सहा दिवसांनीं तो रुग्णालयांत वारला. काम तर संपलें होतें! तरीहि १९६३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें बहुमतानें त्याच्या विधवेच्या बाजूनें निकाल दिला. चालकांना बसप्रवासाची सवलत सेवा नीट चालावी म्हणूनच होती, असें त्यांनीं मानलें.

दुसरी हकीकत अधिक कष्टदायक. उस्मानाबादकडील (आतांचें धाराशिव) एका साखर कारखान्याचा पहारेकरी २२ एप्रिल २००३ रोजीं पहाटे तीनच्या पाळीस जात असतां कारखान्यापासून सुमारें पांच किलोमीटरवर अपघातांत मरण पावला. खालच्या न्यायासनानें ३,२६,१४० रुपये व व्याज मंजूर केलें. उच्च न्यायालयानें तें रद्द केलें. सर्वोच्च न्यायालयानें २९ जुलै २०२५ रोजीं पुन्हां मंजूर केलें. बावीस वर्षें! त्याचीं मुलें तोंवर केवढीं झालीं असतील.

१९२३ च्या भरपाईच्या कायद्याची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेनें घेतली आहे. घर ते कामाचें ठिकाण या वाटेवरील अपघात, वेळ, स्थळ व परिस्थिति यांचा कामाशीं संबंध दिसल्यास, कामावरचाच समजावा, असें तींत लिहिलें आहे.

आठवड्यानें तो नव्या पॉलिसीचा अर्ज घेऊन आला. हप्ता पगाराच्या आंकड्यावर ठरतो, म्हणून माणसांची यादी जोडली होती. त्यांत सहाच नांवें. राहिलेल्या दोघींना पगार रोखीनें देतों, वहींत लिहीत नाहीं, असें तो खालीं पहात म्हणाला. आम्हीं कागद परत त्याच्या हातीं दिला.