रानातील वाटेचा हक्क

ऊसपट्ट्यातील कोणत्याही तहसील कचेरीप्रमाणे कागलच्या कचेरीलाही शेतरस्त्याचे वाद नवे नाहीत. बांधावरून पूर्वी बैलगाडी जात असे. पुढे भावाभावांत वाटण्या झाल्या, बांध दोन्ही बाजूंनी कोरला गेला, आणि तोडलेला ऊस शेताबाहेर काढायलाच वाट उरली नाही. अशा वेळी शेतकरी तहसीलदाराकडे धाव घेतो. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाचे (१९६६) कलम १४३ त्याला शेजाऱ्याच्या बांधावरून वाट मागण्याचा आधार देते, आणि असलेली वाट कोणी अडविली तर १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम त्याच्या मदतीला येतो. निकालास विलंब लागेल, खेटे घालावे लागतील. परंतु वाटेवाचून जमीन म्हणजे दाराशिवाय घर, हे तत्त्व कायद्याने मान्य केलेले आहे.

हाच शेजारी एखादा भाऊबंद नसून सरकारी जंगल असेल तर काय होते? कागलपासून पश्चिमेला राधानगरी, भुदरगड, शाहूवाडी, गगनबावडा, आजरा, चंदगड या तालुक्यांकडे वळले की या प्रश्नाचे उत्तर सापडते. सह्याद्रीच्या माथ्यावर आणि उतारांवर गवळी धनगरांचे वाडे पिढ्यान्‌पिढ्या वसलेले आहेत. म्हशी, दूधदुभते, नाचणी-वरीची शेती आणि मध ही त्यांची उपजीविकेची साधने. यांतील कित्येक वाड्यांकडे जाणारी वाट राखीव वनातून जाते. पावसाळ्यात एखादी बाई अडली, कोणाला सर्प डसला, तर घोंगडीची झोळी काठीला बांधून चार माणसांनी रोग्याला खांद्यावर घ्यायचे आणि चिखलातून डांबरी सडक गाठायची. दवाखाना दूर आहे हे खरे दुःख नाही. दवाखान्याच्या अलीकडचे तीन मैल रस्त्याचे नाहीत, हे आहे.

वहिवाट असूनही हक्क नाही

खाजगी जमिनीवरून वीस वर्षे उघडपणे, निर्वेधपणे वहिवाट केली तर सुविधाधिकार कायम होतो. सरकारी जमिनीच्या बाबतीत ही मुदत तीस वर्षांची आहे. साहजिकच कोणालाही वाटेल, की शंभर वर्षे ज्या पायवाटेवरून ढोरे गेली त्या वाटेचा हक्क केव्हाच सिद्ध झाला असणार. परंतु राखीव वनाला हा नियम लागत नाही. भारतीय वन अधिनियमाचे (१९२७) कलम २३ सांगते, की राखीव वनात वारसाने किंवा शासनाच्या देणगीने वा कराराने मिळालेला असेल तोच हक्क; केवळ वापराने नवा हक्क निर्माण होत नाही. वन राखीव करतेवेळी ज्याने मुदतीत दावा लावला नाही, त्याचा हक्क सामान्यतः लयाला गेला, असे कलम ९ म्हणते. ज्यांना अक्षरओळख नव्हती, ज्यांच्यापर्यंत जाहीरनामा पोहोचला की नाही हेच सांगता येणार नाही, त्यांनी मुदतीत लेखी दावे लावावेत अशी ही अपेक्षा होती. गंमत अशी, की याच कायद्यातील कलम २५ वनाधिकाऱ्याला वाट बंद करण्याची मुभा देताना पर्यायी वाट असली पाहिजे अशी अटही घालते. म्हणजे वाटेचे महत्त्व इंग्रज राज्यकर्त्यांनाही ठाऊक होते. प्रश्न होता तो वाट कागदावर असण्याचा.

कोल्हापूर जिल्ह्याच्या बाबतीत या इतिहासाला संस्थानी कालखंडाची जोड आहे. दाजीपूरचे रान ही करवीरच्या छत्रपतींची शिकारीची राखीव जागा होती. १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९५८ मध्ये दाजीपूर हे गव्यांसाठी अभयारण्य झाले. १९८५ मध्ये त्याचा विस्तार होऊन ३५१ चौरस किलोमीटरचे राधानगरी अभयारण्य अस्तित्वात आले. दरम्यान १९८० चा वन (संवर्धन) अधिनियम आला आणि वनजमिनीचा वनेतर कामासाठी वापर करावयाचा तर केंद्र शासनाची पूर्वमान्यता आवश्यक झाली. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात ‘वन’ या शब्दाचा कोशातील अर्थ ग्राह्य धरला आणि या कायद्याची व्याप्ती आणखी वाढली. अभयारण्यातील वाटेसाठी वन्यजीव कायद्याची निराळी परवानगी लागते, ती वेगळीच.

दुसरी बाजू

एवढ्यावरून वनखात्याला खलनायक ठरविणे सोपे आहे. परंतु ते न्याय्य होणार नाही. वनातून जाणारा रस्ता हा केवळ डांबराचा पट्टा नसतो. वनाचे तो दोन तुकडे करतो. उतार कापल्याने दरडी सुटतात, माती ओढ्यांत उतरते. रस्त्याच्या कडेने परकी झुडपे शिरतात, वणवे लागतात, आणि लाकूडचोराला मालमोटार थेट झाडापाशी नेता येते. अर्थशास्त्रात ज्याला बाह्य परिणाम म्हणतात त्याचे हे ठळक उदाहरण आहे: लाभ एकाला होतो आणि किंमत दुसरा मोजतो. हा दुसरा म्हणजे कोणी परका नव्हे. दूधगंगा आणि वेदगंगा या नद्या ज्या डोंगरांत उगम पावतात ते हेच डोंगर. काळम्मावाडीच्या जलाशयातील ज्या पाण्यावर कागलचा ऊस उभा आहे, ते पाणी याच रानांतून झिरपून येते. रान विरळ झाले तर त्याचा हिशेब आज ना उद्या कागलच्या शेतकऱ्यालाही चुकवावा लागेल. पश्चिम घाटातील जी ठिकाणे २०१२ साली जागतिक वारसा म्हणून मान्य झाली त्यांत राधानगरीचाही समावेश आहे, तो उगीच नव्हे.

शिवाय रस्ता जमिनीची किंमत वाढवितो. ज्या उतारावर काल कोणी फिरकत नव्हते तेथे सडक पोहोचली, की शहरातील गुंतवणूकदाराचे लक्ष जाते. धनगराच्या नावाने मागितलेला रस्ता अखेर एखाद्या विश्रामधामाच्या फाटकापाशी जाऊन थांबावा, हा प्रकार केवळ कल्पनेतला नाही. वाढलेल्या मूल्याचा लाभ वाडीला न मिळता जमीन विकत घेणाऱ्याला मिळतो, आणि त्या वाडीतील तरुण तेथेच पहारेकरी होतो.

तेव्हा वाट हवी की वन हवे, असा प्रश्न विचारणेच चुकीचे आहे. कोणाला, कसली वाट, कोणत्या अटींवर, हा खरा प्रश्न आहे. निपाणीहून मुरगूड, मुधाळ तिट्टा, राधानगरी, दाजीपूर असा जाऊन फोंडा घाट उतरणारा देवगडचा मार्ग अभयारण्याच्या परिसरातूनच जातो. त्यावरून अवजड वाहतूक चालते. कर्नाटकातील बंदीपूरच्या अरण्यातून जाणाऱ्या महामार्गावर २००९ पासून रात्रीच्या वाहतुकीला बंदी आहे. नागपूर जिल्ह्यात पेंचच्या रानातून जाणारा महामार्ग रुंद करताना वन्य प्राण्यांसाठी रस्त्याखालून मोकळे मार्ग ठेवले गेले, आणि वाघांसह अनेक प्राणी त्यांचा वापर करताना आढळले. मोठ्या वाहतुकीसाठी जर इतका विचार, इतका खर्च आणि इतकी तडजोड होऊ शकते, तर झोळीतून नेल्या जाणाऱ्या रोग्यासाठी ती का होऊ नये?

पाऊण हेक्टरचा हिशेब

वस्तुतः कायद्याने ही तडजोड करून ठेवली आहे. २००६ च्या वनहक्क अधिनियमाचे कलम ३ (२) सांगते, की शाळा, दवाखाना, पाणीपुरवठा, रस्ता अशा तेरा सार्वजनिक सोयींसाठी १९८० च्या कायद्याची आडकाठी न येता वनजमीन वळती करता येईल. अटी अशा, की प्रत्येक कामासाठी जमीन एक हेक्टरहून कमी असावी, हेक्टरी पंचाहत्तरहून अधिक झाडे तुटू नयेत, आणि ग्रामसभेची शिफारस असावी. यासाठी दिल्लीला जावे लागत नाही. निर्णय जिल्ह्यातल्या जिल्ह्यात होतो.

या अटींचा अर्थ आकड्यांत पाहावा. एक हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर. तीन मीटर रुंदीची वाट धरली तर अडीच किलोमीटर लांबीला पाऊण हेक्टर जमीन लागते, आणि त्या हिशेबाने जास्तीत जास्त छप्पन झाडे जातात. सहा मीटर रुंदीचा आग्रह धरला, की तीच वाट दीड हेक्टरवर जाते आणि सवलतीच्या बाहेर पडते. म्हणजे रुग्णवाहिका आणि दुधाची गाडी जाईल एवढी वाट कायद्यात बसते. मालमोटारींचा राजमार्ग बसत नाही. कायद्याने वाटेची रुंदी गरजेला बांधली आहे, असे म्हणता येईल.

मग या कलमाचा लाभ धनगरवाड्यांना सुखासुखी का मिळत नाही? एक कारण असे, की वाडीतील दहा-पंधरा घरांचा आवाज मूळ गावच्या ग्रामसभेत क्षीण पडतो. दुसरे असे, की महाराष्ट्रात धनगर समाज अनुसूचित जमातींत नाही. त्यामुळे वैयक्तिक वा सामूहिक वनहक्क मागताना त्याला ‘इतर पारंपरिक वननिवासी’ म्हणून १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा रहिवास सिद्ध करावा लागतो. ज्याच्या आजोबाचे नाव कोणत्याच दप्तरात नाही त्याने हा पुरावा कोठून आणावा? हा अडसर सोयींच्या तरतुदीहून निराळा असला, तरी व्यवहारात दोहोंचा घोळ होतो. तिसरे कारण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला परिचित आहे. परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याची चूक झाली तर त्याला जाब विचारला जातो. परवानगी न दिल्याने जे नुकसान होते त्याचा जाब कोणी विचारत नाही. अशा व्यवस्थेत फाईल पुढे न सरकविणे हाच शहाणपणा ठरतो.

वनाची किंमत मोजण्याची पद्धत शासनाजवळ आहे. वळत्या केलेल्या वनजमिनीपोटी जे निव्वळ वर्तमान मूल्य भरून घेतले जाते त्याचे दर २०२२ मध्ये वाढविण्यात आले. वनाचा प्रकार आणि घनता पाहून ते हेक्टरी सुमारे साडेनऊ लाखांपासून सोळा लाख रुपयांपर्यंत ठरले. हे योग्यच झाले. फुकट मिळणारी वस्तू उधळली जाते. परंतु झोळीत गेलेल्या तासांचे, वाटेअभावी शाळा सोडलेल्या मुलीचे, सडकेपर्यंत पोहोचेतो नासलेल्या दुधाचे मूल्य कोणत्या रकान्यात मांडले जाते? ताळेबंदाची एकच बाजू लिहिली तर हिशेब पुरा होत नाही.

उलटपक्षी, २०२३ च्या दुरुस्तीने सार्वजनिक रस्त्याच्या वा लोहमार्गाच्या कडेची ०.१० हेक्टरपर्यंतची वनजमीन वस्तीच्या किंवा रस्त्याकडेच्या सोयींच्या प्रवेशासाठी कायद्यातून मोकळी झाली आहे. सडकेला लागून असलेल्याला त्याचा उपयोग होईल. पण सडकेपासून तीन मैल आत राहणाऱ्याला काही गुंठ्यांच्या हिशेबातील ही सूट पुरणार नाही.

परक्या देशाचा धडा

हक्क मोघम ठेवले तर काय होते याचे उदाहरण अमेरिकेत सापडते. तेथे १८६६ च्या एका कायद्याने राखून न ठेवलेल्या सार्वजनिक जमिनींवरून रस्ते काढण्याचा हक्क सर्वांनाच देऊन टाकला. नोंद नाही, नकाशा नाही, रुंदी नाही. १९७६ मध्ये हा कायदा रद्द झाला. परंतु तोवर निर्माण झालेले हक्क राखले गेले. ते नेमके कोणते, हे मात्र कोणालाच सांगता येईना. परिणामी एकट्या युटा राज्याने २०११ व २०१२ मध्ये बारा हजारांहून अधिक रस्त्यांवर हक्क सांगत केंद्राविरुद्ध दावे लावले. न लिहिलेला हक्क दुर्बळाच्या हातून निसटतो आणि प्रबळाच्या हाती हत्यार होतो, हा त्याचा अर्थ.

यातून जो मार्ग निघतो तो साधा आहे. पहिले काम नोंदीचे. ज्या वस्त्यांची एकमेव वाट वनातून जाते त्यांची यादी वन, महसूल आणि ग्रामपंचायत यांनी एकत्र पाहणी करून तयार करावी आणि ती वाट नकाशावर आणावी. दुसरे, वाटेची प्रतवारी व्हावी: पायवाट, रुग्णवाहिकेपुरती वाट आणि रहदारीचा रस्ता हे तीन निराळे प्रश्न आहेत, त्यांना एकच अर्ज आणि एकच नकार असू नये. तिसरे, वाटेचा हक्क त्या वस्तीतील रहिवाशांचा असावा; पुढे जमीन घेणाऱ्याला तो आपोआप मिळू नये, व्यापारी वापरासाठी त्याने निराळी परवानगी मागावी. चौथे, रुंदी कायम राहावी, उतार राखण्याची आणि पाणी काढून देण्याची जबाबदारी बांधणाऱ्यावर असावी, आणि गरज असेल तेथे रात्री फाटक बंद असावे. आजाऱ्यासाठी ते उघडण्याची किल्ली मात्र वाडीतच असावी. पाचवे, अर्ज नाकारावयाचा असेल तर तो ठरलेल्या मुदतीत, कारणे देऊन, लेखी नाकारावा. मौन हे उत्तर होऊ शकत नाही.

यावर कोणी म्हणेल, की इतका खटाटोप करण्यापेक्षा पंधरा घरे खाली आणून वसवावीत. ज्यांना स्वखुशीने यावयाचे आहे त्यांनी अवश्य यावे. परंतु वाट न देऊन माणसाला जागा सोडण्यास भाग पाडणे याला पुनर्वसन म्हणत नाहीत.

कागलच्या शेतकऱ्याला बांधावरची वाट मिळते ती शेजाऱ्याच्या उपकाराने नव्हे, कायद्याने. दूधगंगेच्या उगमाकडील डोंगरात राहणारा आणि ते रान राखीत आलेला माणूसही याच राज्याचा नागरिक आहे. त्याच्या वाटेचा प्रश्न पावसाळ्यापुरता वृत्तपत्रांत येतो आणि ऊन पडले की विसरला जातो. पुढील पावसाळ्याआधी निदान वाटांची यादी तरी झाली, तर चार माणसांच्या खांद्यांवरचे ओझे काही अंशी शासनाच्या खांद्यावर आले असे म्हणता येईल.