उठता उठता येणारी घेरी

मी डॉक्टर नव्हे. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण कामगारांचे अर्ज लिहिता लिहिता झाले. तरी आज एका दुखण्याविषयी बोलणार आहे.

नोव्हेंबर हा निवृत्तांचा हयातीच्या दाखल्याचा महिना. आमचे एक जुने सभासद, वय ७२, हाडाचे फिटर, एका बँकेत दोन तास बाकावर बसून होते. नाव पुकारले गेले. नंबर जाईल या धास्तीने ते ताडकन उठले, चार पावले चालले आणि कोसळले. खुब्याचे हाड मोडले. ‘म्हातारपण, दुसरे काय!’ असे सारे म्हणाले. मीही म्हणालो. ते चूक होते.

माणूस उभा राहिला की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटाकडे व पायांकडे उतरते. मानेतील रोहिणीत आणि हृदयापाशी महारोहिणीत दाबावर पहारा ठेवणारे मज्जातंतू असतात. त्यांची वर्दी पोहोचताच मेंदू हृदयाचे ठोके वाढवितो, रक्तवाहिन्या आवळतो. तरुणपणी हे काही क्षणांत उरकते. उतारवयात पहारेकरी सुस्तावतात. मेंदूला रक्त अपुरे पडते आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. त्यात रक्तदाबाच्या, लघवी वाढविणाऱ्या किंवा प्रोस्टेटच्या काही गोळ्यांची भर पडते. जुना मधुमेहही हे मज्जातंतू निकामी करतो. शिवाय चाळीतले म्हातारे, रात्री गॅलरीच्या टोकाच्या संडासाला जावे लागू नये म्हणून संध्याकाळपासून पाणीच तोडतात! पाणी कमी, म्हणजे रक्ताचा दाबही कमी.

आमच्या फिटरांचा रक्तदाब दवाखान्यात दर वेळी ‘उत्तम’ भरे, कारण तो खुर्चीत बसवून मोजीत. खरी मोजणी अशी: पाच मिनिटे निजवून एकदा, मग उभे करून एका मिनिटाने व तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर चोर सापडला. ही मोजणी मागून घ्या. मागितल्यावाचून काही मिळत नाही, हे मला तीस वर्षांच्या संघटनेने शिकविले आहे. मात्र गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. त्या बदलणे, कमी करणे हे डॉक्टरांचे काम.

अंथरुणातून उठताना आधी कडेला बसावे, घोटे वरखाली हलवावेत, मुठी आवळाव्यात, मग धरून उभे राहावे आणि अंधारी नाही ना हे पाहून पाऊल टाकावे. पुरुषांनी रात्री लघवीलाही बसावे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर बंधन नसेल, तर दिवसा पाणी भरपूर प्यावे. घेरी आलीच तर लाज न धरता आहे तेथेच खाली बसावे. ही लाजच फार नडते. पडल्याचेसुद्धा आमची माणसे घरी सांगत नाहीत.

फिटरमामा आता काठी घेऊन त्याच बँकेत जातात. नाव पुकारले की बसल्या जागेवरून हात वर करतात, घोटे हलवितात, मग सावकाश उठतात. कारकून पहिल्या वर्षी कुरकुरला. आता थांबतो.