सीमाप्रश्न सुटण्यास विलंब का लागतो?

अंधेरी व घाटकोपर १९५० साली आणि बोरिवली व मुलुंड १९५७ साली मुंबई महापालिकेच्या हद्दीत आली, ती राज्याच्या कायद्याने. दोन राज्यांतील सीमा बदलण्याचा अधिकार मात्र राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदान्वये संसदेस आहे. देशाचा भूभाग परराष्ट्रास द्यावयाचा झाल्यास घटनादुरुस्तीच करावी लागते, असे मत सर्वोच्च न्यायालयाने १९६० साली बेरुबारी प्रकरणी दिले.

निकष कोणता?

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होऊन बेळगाव, कारवार, निपाणी हा प्रदेश तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या व लोकेच्छा या तत्त्वांवर सीमा ठरावी, ही महाराष्ट्राची भूमिका होय. खेड्याऐवजी तालुका किंवा जिल्हा हा घटक धरल्यास बहुसंख्येचे गणितच पालटते. वादाचे मूळ येथे आहे. १९६६ साली नेमलेल्या महाजन आयोगाने पुढील वर्षी अहवाल दिला. त्यात निपाणी, खानापूरसह २६४ गावे महाराष्ट्रास द्यावीत, पण बेळगाव शहर म्हैसूरमध्येच राहावे, अशी शिफारस होती. महाराष्ट्राने अहवाल अमान्य केला. कर्नाटकाने तोच अंतिम मानला. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला.

तोडगा निघालेली उदाहरणे

आंध्र व मद्रास या राज्यांनी ह. वि. पाटसकर यांची मध्यस्थी आधी स्वीकारली. खेडे हाच घटक धरून सीमा आखली गेली व १९५९ च्या कायद्याने १ एप्रिल १९६० पासून ती अंमलात आली. भारत व बांगलादेश यांचा सीमाकरार १९७४ साली झाला; तथापि त्याची पूर्तता होण्यास २०१५ ची शंभरावी घटनादुरुस्ती व्हावी लागली. त्यान्वये भारताच्या १११ व बांगलादेशाच्या ५१ वेढलेल्या वस्त्यांची अदलाबदल झाली आणि रहिवाशांना नागरिकत्व निवडण्याची मुभा मिळाली. तोवर शाळा, दवाखाना, रस्ता यांसाठी त्यांना दाद मागण्यास हक्काचे दारच नव्हते.

निर्णय होईपर्यंत

निकालास विलंब लागला तरी सीमेवरील मुलाचे शिक्षण व शेतकऱ्याचा जमिनीचा उतारा थांबून चालत नाही. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याचा निर्देश राज्यघटनेच्या ३५०-क या अनुच्छेदात आहे. शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व अधिकारी यांनी सीमेच्या दोन्ही बाजूंस त्याचे पालन कसोशीने केल्यास सर्वसामान्य माणसाचा भार बराच हलका होईल.