गुप्तदान आणि उघड देणगी

आजचा विषय फॉर्म, मुदती आणि पावत्यांचा आहे, म्हणजे जेवणानंतर ऐकण्याजोगा नाही, हे आधीच कबूल करतो. पण आम्ही त्याकडे वळलो ते एका फोनमुळे.

आमची एक जुनी विद्यार्थिनी कॅलिफोर्नियात असते, आता तिकडचीच नागरिक आहे. तिच्या भागात स्कूल बोर्डाची निवडणूक होती. मुलाच्या शाळेमुळे ओळखीच्या झालेल्या एक बाई उभ्या होत्या, हिनं दीडशे डॉलर दिले. काही महिन्यांनी नात्यातल्या कुणीतरी सहज इंटरनेटवर हिचं नाव टाकून पाहिलं, तर देणगीदारांच्या यादीत हिचं नाव, गाव, पिनकोड, व्यवसाय, आणि कोणत्या कंपनीत नोकरी करते तेसुद्धा. तिनं आम्हाला फोन केला. "सर, मी देणगी दिली की गुन्हा केला?"

तिनं चेष्टेत विचारलं, पण प्रश्न चेष्टेचा नाही. आपल्याकडे दान दोन तऱ्हेचं असतं. एक देवळाच्या पायरीवर नाव कोरून ठेवण्याचं, आणि दुसरं पावतीवर नावाच्या जागी 'गुप्तदान' लिहून घेण्याचं. आपण दुसरं श्रेष्ठ मानतो. या हाताचं त्या हाताला कळू नये म्हणतो. मग निवडणुकीतच हे उलट का? तिथं गुप्तदान हा दोष आणि नाव लावणं हे कर्तव्य, असं का व्हावं? साधं उत्तर असं, की देवाला पैसे दिले म्हणून देव आपल्या सोयीचा कायदा करत नाही. आमदार करू शकतो.

आणखी एक फरक लक्षात घेऊ. गणपती मंडळ जमाखर्च फळ्यावर लावतं, तो कुणासाठी? ज्यानं वर्गणी दिली त्याच्यासाठी. माझे पैसे कुठं गेले हे त्याला कळावं म्हणून. निवडणुकीतल्या देणगीचा हिशेब मात्र ज्यानं एक पैसाही दिलेला नाही त्याच्यासाठी असतो. मत द्यायला निघालेल्या परक्या माणसाला कळावं, की या उमेदवारामागे कोण उभं आहे. हा फरक डोक्यात ठेवला की पुढचे सगळे फॉर्म समजतात.

आता व्यवस्था कशी आहे ते पाहू. राष्ट्राध्यक्ष आणि काँग्रेस यांच्या निवडणुकांना अमेरिकेत केंद्राचा कायदा आहे. पण गव्हर्नर, राज्याचं विधिमंडळ, पुष्कळ ठिकाणी न्यायाधीश, शिवाय शहरं आणि शाळा यांच्या निवडणुकांचे नियम ज्या त्या राज्याचे. पन्नास राज्यं, पन्नास कायदे. वॉशिंग्टन राज्यात नोव्हेंबर १९७२ मध्ये नागरिकांनीच हा कायदा मतदानाला आणला आणि सुमारे ७२ टक्के मतांनी मंजूर केला. वॉटरगेटचं प्रकरण तेव्हा नुकतंच उलगडायला लागलं होतं. कॅलिफोर्नियानं जून १९७४ मध्ये तसंच केलं. म्हणजे हे कायदे पुढाऱ्यांनी स्वतःहून केले नाहीत, लोकांनी त्यांच्या गळ्यात बांधले. पुढारी स्वतःहून काय करतात ते आपण जाणतोच.

कॅलिफोर्नियाचंच उदाहरण घेऊ. एका वर्षात राजकीय कामासाठी दोन हजार डॉलर गोळा झाले की तुम्ही 'कमिटी' झालात. घरात बसून चौघांनी चहा पिताना ठरवलेलं असो, कायद्याच्या दृष्टीनं कमिटी. दहा दिवसांत नोंदणीचा फॉर्म भरायचा. खजिनदार नेमायचा. खजिनदार नसेल तर कमिटीला पैसे घेता येत नाहीत आणि खर्चही करता येत नाहीत. शंभर डॉलर किंवा त्याहून मोठी रक्कम रोख घेता येत नाही, निनावी घेता येत नाही. ज्याची देणगी शंभर डॉलरवर पोचली त्याचं नाव, पत्ता, व्यवसाय आणि मालक कोण, हे यादीत. निवडणुकीआधीच्या नव्वद दिवसांत हजार डॉलर किंवा अधिक आले तर चोवीस तासांत कळवायचं. शेवटचा नियम आम्हाला फार शहाणपणाचा वाटतो. मत देऊन झाल्यावर कळलेली माहिती मतदाराच्या काय कामाची?

मालकाचं नाव कशाला, असं आमच्या विद्यार्थिनीनं विचारलं. एकेका नावावरून काहीच कळत नाही म्हणून. पण एकाच कंपनीतल्या चाळीस जणांनी एकाच आठवड्यात एकाच उमेदवाराला देणगी दिली, तर ते यादीतल्या या एका रकान्यामुळे दिसतं.

आणि एक विशेष. तिकडे पुष्कळ राज्यांत लोक थेट कायद्यावर मत देतात, जनमताचा कौल घेतात. उमेदवाराला किती देणगी द्यायची यावर मर्यादा घालता येते, कारण तो विकला जाण्याची भीती असते. कौलात उमेदवारच नाही, विकलं जाणार कोण? म्हणून सर्वोच्च न्यायालयानं १९८१ साली बर्कली शहराच्या प्रकरणात सांगितलं, की कौलासाठी काम करणाऱ्या कमिटीला द्यायच्या देणगीवर मर्यादा घालता येणार नाही. मग उरतं काय? फक्त नाव उघड करणं. कायद्याच्या हातात तेवढी एकच काठी उरते.

इथवर सगळं सरळ आहे. आता अडचण.

मत गुप्त आणि देणगी उघड, हे एकत्र कसं बसतं? दोन्ही राजकीय कृतीच ना? जॉन स्टुअर्ट मिल तर गुप्त मतदानाच्याच विरुद्ध होता. १८६१ च्या ग्रंथात त्यानं मांडलं, की मत हा माझा खाजगी हक्क नाही, ती इतरांसाठी मला दिलेली विश्वस्ताची सत्ता आहे, म्हणून ती इतरांच्या डोळ्यांसमोर वापरली पाहिजे. वर्गात आम्ही हा युक्तिवाद शिकवत असू तेव्हा मुलं हसायची. पण तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याला उत्तर एवढंच देता येतं, की कुळाचं मत जमीनदाराला कळलं तर कूळ आपल्या मनाचं मत देऊच शकणार नाही. गुप्तता दुबळ्याला सबळापासून वाचवते. आणि देणगी उघड करायची तीही त्याच कारणासाठी. मत प्रत्येकाला एकच, पैसा मात्र एकाकडे पोत्यानं आणि दुसऱ्याकडे मुठीनं. मोठ्या पैशाची सत्ता दिसावी म्हणून यादी.

म्हणजे झाकण्याचं कारण आणि उघडण्याचं कारण एकच निघालं, दुबळ्याचं रक्षण. आता कायद्यानं प्रत्येक वेळी ओळखायला हवं, की समोर उभा आहे तो दुबळा की सबळ. पण कायद्याला चेहरा दिसत नाही, फक्त आकडा दिसतो. म्हणून तो आकड्यावर रेघ ओढतो. रेघेच्या वर नाव सांगा, खाली नको. ही रेघ कुठं ओढायची हे कारकुनी काम आहे असं वरवर वाटतं. आमच्या मते या विषयातला सगळा नैतिक प्रश्न त्या रेघेतच आहे.

रेघ फार खाली गेली की काय होतं ते कोलोरॅडोत दिसलं. पार्कर गावाला लागून सुमारे तीनशे घरांची एक वस्ती आहे. २००६ साली ती गावाच्या हद्दीत घ्यावी असा प्रस्ताव आला. आपल्याकडे महापालिकेत गावं घेताना जी वादावादी होते, तीच. विरोध असणाऱ्या शेजाऱ्यांनी अंगणात पाट्या लावल्या, पोस्टकार्डं छापून वाटली. राज्याच्या घटनेत तरतूद होती, की कौलाच्या विषयावर दोनशे डॉलरहून अधिक जमवले किंवा खर्च केले की कमिटी म्हणून नोंदणी हवी. वीस डॉलर देणाऱ्याचंही नाव आणि पत्ता द्यायचा. यांना ते ठाऊकच नव्हतं. ज्यांना वस्ती गावात घालायची होती त्यांनी तक्रार ठोकली, कारण कायद्यानं कुणालाही तक्रार करायची मुभा होती. मग शेजाऱ्यांना समन्स, आपसात काय बोललात, काय लिहिलंत ते हजर करा. वकील करावा लागला. पाट्या, पोस्टकार्डं आणि टपाल मिळून खर्च किती? ७८२ डॉलर आणि २ सेंट. वकिलाचं काम त्याहून महाग पडलं.

२०१० मध्ये संघराज्याच्या अपील न्यायालयानं शेजाऱ्यांच्या बाजूनं निकाल दिला. एवढ्याशा खर्चात लोकांना मिळणारी माहिती नगण्य आणि नागरिकांवरचं ओझं मोठं, असं म्हटलं. पण रेघ नक्की कुठं ओढावी ते सांगायचं न्यायाधीशांनी टाळलं. आम्हाला तो प्रामाणिकपणा वाटतो. पुढं राज्यानं २०१६ साली पाच हजार डॉलरपर्यंतच्या छोट्या कमिट्यांसाठी सोपे नियम केले, आणि कुणीही उठून खटला चालवावा ही तरतूद २०१८ साली न्यायालयानं रद्द केली. कायदा कुणाच्या हाती शस्त्र म्हणून जातो, हे तो लिहिणाऱ्याला कधीच पुरतं दिसत नाही.

ओहायोतली गोष्ट त्याहून लहान. १९८८ साली वेस्टरव्हिल इथं शाळेसाठी नवा कर लावायचा होता. एका बाईंनी विरोधात पत्रक छापून सभेबाहेर वाटलं, काही प्रतींवर स्वतःच्या नावाऐवजी 'चिंताग्रस्त पालक आणि करदाते' असं घातलं. निनावी पत्रक म्हणून त्यांना शंभर डॉलर दंड झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, १९९५ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी दंड रद्द झाला. बाई तोवर वारल्या होत्या. त्याच राज्यात सोशलिस्ट वर्कर्स पार्टी नावाचा जेमतेम साठ सभासदांचा पक्ष होता. त्यांच्या देणगीदारांची नावं जाहीर झाली तर नोकऱ्या जातील, धमक्या येतील, हे पुराव्यानं दिसलं, आणि १९८२ साली त्यांना यादीतून सूट मिळाली. यादी सत्तेला दिसण्यासाठी नसते, पण सत्ताही ती वाचतेच.

आणि वरच्या टोकाला? २०१२ साली कॅलिफोर्नियात कर वाढवण्याचा एक कौल होता आणि कामगार संघटनांच्या राजकीय निधीवर बंधन घालणारा दुसरा. पहिल्याच्या विरोधासाठी आणि दुसऱ्याच्या पाठिंब्यासाठी एका कमिटीकडे ॲरिझोनातल्या एका संस्थेकडून एक कोटी दहा लाख डॉलर आले. देणगीदार म्हणून संस्थेचं नाव लागलं, फॉर्म वरवर बरोबर. संस्थेला पैसे कुणी दिले? राज्याचा आयोग न्यायालयात गेला. मतदानाच्या आदल्या दिवशी उत्तर मिळालं, दुसऱ्या एका संस्थेनं. आणि तिला? तिसरीनं. एका डब्यात दुसरा डबा, त्यात तिसरा, आणि शेवटच्या डब्यातही माणसाचं नाव नाही. पुढच्या वर्षी दोन संस्थांना मिळून दहा लाख डॉलर दंड झाला, आयोगाच्या इतिहासातला तोवरचा विक्रम.

ही दोन प्रकरणं आम्ही शेजारी शेजारी ठेवतो तेव्हा अस्वस्थ होतो. पोस्टकार्डं वाटणारे शेजारी जाळ्यात सापडले, कारण त्यांना डबे करता येत नव्हते. नंतर कॅलिफोर्नियानं नियम कडक केले. जाहिरातीवरच पन्नास हजार डॉलर किंवा त्याहून अधिक देणाऱ्या पहिल्या तिघांची नावं छापायची, ही तरतूद आम्हाला यादीपेक्षा उपयोगी वाटते. यादी शोधावी लागते, जाहिरात समोर येते.

आपल्याकडचं एक वाक्यात सांगितल्याशिवाय तुम्ही सोडणार नाही. २०१८ च्या निवडणूक रोख्यांत बरोबर उलटं होतं. वीस हजारांहून मोठी साधी देणगी पक्षानं आयोगाला कळवायची, पण कोटीचा रोखा घेतला तर नाव झाकलेलं. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी १५ फेब्रुवारी २०२४ रोजी तो एकमतानं रद्द केला, मतदाराचा माहितीचा हक्क मोडतो म्हणून. रेघ उलटी धरली तर काय होतं याचा याहून स्वच्छ नमुना आम्हाला सापडणार नाही.

विद्यार्थिनीला आम्ही हे सगळं फोनवर सांगितलं नाही, एवढा धीर कुणाला असतो. म्हटलं, गुन्हा नाही, पण शंभर डॉलरची रेघ आमच्या मते फार खाली आहे. ती जुनी आहे, तेव्हाचे शंभर आणि आजचे शंभर यांत पुष्कळ अंतर पडलं. दीडशे डॉलरनं स्कूल बोर्डातली कुणी बाई विकत घेता येत नाही. ती म्हणाली, "मग सर, पुढच्या वेळी नव्व्याण्णवच देते."

आम्ही म्हटलं, दे, पण वर्षातून एकदाच. बेरीज धरतात.