बैल कोणता काढायचा?

पोळा आठवड्यावर आला होता. परभणीच्या स्टेशन रोडवर फ्लेक्सच्या एका दुकानात आमच्या गावच्या पोळ्याचा बॅनर करून घ्यायला बसलो होतो. कॉम्प्युटरवर चोविशीतला एक पोरगा होता. एका हाताने माऊस फिरवत होता, दुसऱ्या हाताने दारात उभ्या गिऱ्हाइकाला थांबवत होता. मजकूर लिहून झाला, नावे ओळीत बसली, तेव्हा त्याने मान वळवून विचारले, "सर, बैल कोणता टाकू?"

पडद्यावर दहा-बारा बैल होते. सगळे पांढरे, उंच, मागे वळलेल्या लांब शिंगांचे. सगळे खिल्लार.

"तुमच्या घरी कोणता बैल आहे रे?"

"लाल कंधारी. पण त्याचं चांगलं चित्र नाही भेटत, सर."

त्या रात्री हे वाक्य डोक्यातून जाईना. गोदाकाठच्या पोराच्या गोठ्यात लाल बैल बांधलेला आणि त्याच्या हाताखालून जाणाऱ्या प्रत्येक बॅनरवर पांढरा. आजच्या चित्रकारांची, मुखपृष्ठकारांची, अक्षरकारांची शैली कुठून येते, हा प्रश्न मला त्या दुकानात नव्याने पडला. या लेखात त्याचाच शोध आहे, आणि तो परभणीतून घेतलेला आहे.

चित्र घरात आले ते असे

मराठी घरात छापील चित्र मोठ्या प्रमाणावर नेले ते मासिकांनी. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि एक परंपरा सुरू झाली. पुढे या परंपरेला चेहरा दिला चित्रकारांनी. मडगावात १९१६ साली जन्मलेल्या दीनानाथ दलालांनी १९४५ मध्ये 'दीपावली' सुरू केला, आणि अंक चित्रांसाठीही विकत घेतला जाऊ लागला. रघुवीर मुळगावकरांचे देव, त्यांच्या नायिका, त्यांचे शिवराय कॅलेंडरांवरून थेट देवघरापर्यंत पोचले. आजही अनेकांच्या मनातल्या लक्ष्मीचा चेहरा मुळगावकरांनी घडवलेला आहे.

परभणी १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होती. कचेरीची भाषा उर्दू, घरची मराठी, आणि मुंबई-पुण्याची मासिके दुसऱ्या राज्यातून यायची. इथल्या खेड्यांत चित्र खऱ्या अर्थाने पोचले ते शाळेच्या पुस्तकातून. बालभारतीची स्थापना १९६७ ची, 'किशोर' मासिक १९७१ पासूनचे. माझ्या पिढीतल्या जिंतूर-पाथरीकडच्या पोरांनी आयुष्यात पहिले रंगीत चित्र पाहिले ते पाठ्यपुस्तकात. आम्ही ते पेन्सिलीने गिरवले, अंगठा ओला करून पुसले, पुन्हा गिरवले. आमचे कलेचे शिक्षण तिथे सुरू झाले आणि बहुतेकांचे तिथेच संपले.

ज्यांच्या रेषेला पत्ता आहे

शि. द. फडणीस यांचे नाव या संदर्भात आधी घ्यावे लागते. जन्म १९२५ चा, बेळगाव भागातल्या भोज गावचा. त्यांच्या हास्यचित्राला शब्द लागत नाहीत. शाळेच्या गणिताच्या पुस्तकांसाठी त्यांनी चित्रे काढली आणि ज्या विषयाला पोरे घाबरत, त्या विषयाची पाने उलटावीशी वाटू लागली. नेहमीची वस्तू जरा वेगळ्या कोनातून पाहायची, ही त्यांची प्रेरणा. छत्री, खुर्ची, मांजर, दोरीवर वाळणारे कपडे यांवरच त्यांचे विश्व उभे आहे.

वसंत सरवटे पेशाने स्थापत्य अभियंता. त्यांच्या रेषेत मोजमापाची शिस्त दिसते आणि माणसाच्या उभे राहण्या-बसण्यातला स्वभावही. 'ललित'च्या दिवाळी अंकांची त्यांची मुखपृष्ठे म्हणजे मराठी साहित्यविश्वाचे चित्रातले टिपणच. बेळगावचे रवी परांजपे के. बी. कुलकर्णींच्या हाताखाली तयार झाले, नैरोबीत जाहिरातीचे काम करून आले, आणि भारतीय लघुचित्रांची सजावट व पाश्चात्त्य चित्रातला प्रकाश एका कागदावर नांदवत राहिले. २०२२ मध्ये ते गेले. घरचे आणि बाहेरचे यांत भांडण लावायची गरज नसते, हे त्यांच्या चित्रांनी दाखवले.

मुलांच्या पुस्तकांत माधुरी पुरंदरे यांनी फार मोठे काम केले आहे. लेखन त्यांचे, चित्रेही त्यांचीच. जे. जे.मध्ये आणि पॅरिसला शिकलेल्या या चित्रकर्तीने 'राधाचं घर' आणि 'यश' या मालांमध्ये साधे मराठी घर काढले. आई दमलेली असते, आजोबा आजोबांसारखेच बसतात, घरात पसारा असतो. पॅरिसहून आलेल्या हाताला हे घर काढावेसे वाटले, यातच त्यांच्या शैलीचे मर्म आहे. २०१४ साली साहित्य अकादमीने त्यांना बालसाहित्य पुरस्कार दिला. मुखपृष्ठांच्या क्षेत्रात पुण्याचे चंद्रमोहन कुलकर्णी गेली कित्येक वर्षे काम करत आहेत. पुस्तक बदलले की त्यांचा हात बदलतो. शैली म्हणजे एकच ठसा सगळीकडे उमटवणे नव्हे, हे त्यांच्याकडून शिकावे.

या सगळ्यांच्या रेषेला पत्ता आहे. ती कुठल्या घरातून, कुठल्या गल्लीतून आली, ते कळते. वारली चित्रांना जगभर नेणाऱ्या जिव्या सोमा म्हशे यांच्याबाबतीत तर हे फारच खरे. डहाणूकडच्या भिंतीवरची ती पांढरी रेषा तिथल्या भाताची, लग्नाची, तारप्याच्या नाचाची आहे. तीच रेषा आज परभणीच्या शाळांच्या कुंपणावर, हॉटेलांच्या भिंतींवर उतरवली जाते, तेव्हा मला वाईट वाटते. वारली चित्रात काही कमी आहे म्हणून नव्हे. आमच्या भिंतीने आमच्या ज्वारीला विचारलेच नाही, म्हणून.

अक्षराचे शिक्षण

आमच्याकडे अक्षराची मात्र एक जुनी शाळा होती आणि ती रस्त्यावर भरायची.

लहानपणी आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक पेंटर चाचा दुकानांचे बोर्ड रंगवायचे. निळीत भिजवलेली दोरी पत्र्यावर ताणायची, मध्ये चिमटीत धरून सोडायची, की फटकन सरळ रेघ उठायची. डाव्या हातातली काठी पत्र्याला टेकवून तिच्यावर उजवे मनगट ठेवायचे आणि ब्रश एका श्वासात खाली आणायचे. एकाच बोर्डावर वर मराठी, खाली उर्दू. मराठी अक्षर शिरोरेषेला लटकते, उर्दू अक्षर उजवीकडून डावीकडे उतरत येते. चाचा दोन्ही लिहायचे, आणि त्यांच्या 'क'च्या पोटाला, 'ळ'च्या वळणाला उर्दूचा तो उतार आलेला असायचा. पुण्याच्या पाट्यांवर तसा 'क' मी पाहिला नाही.

"चाचा, तुम्ही आधी काय काढता?" मी एकदा विचारले होते.

"आधी जागा बघायची, मंग अक्षर," ते म्हणाले.

पुढे आयुष्यात रचनेवर पुष्कळ वाचले, पण याहून नेमके वाक्य सापडले नाही. पंढरपुरात जन्मलेले मकबूल फिदा हुसेनही तरुणपणी मुंबईत सिनेमाची होर्डिंग्ज रंगवत होते. रस्त्यावरच्या ब्रशाला कमी लेखू नये.

मुंबईत हेच काम वेगळ्या पातळीवर चालले होते. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींत अशी अक्षरे काढली की शीर्षक पाहूनच नाटक हसरे की गंभीर ते कळावे. र. कृ. जोशी यांनी हाताच्या अक्षराचा विचार संगणकापर्यंत नेला. त्यांनी केलेला 'मंगल' हा टंक विंडोजबरोबर घरोघरी गेला. सरकारी पत्रे, प्रश्नपत्रिका, अर्ज अशा कितीतरी कागदांवर आपण त्यांचे अक्षर वाचत आलो आहोत. अच्युत पालव यांनी मोडी लिपीचा अभ्यास केला आणि देवनागरी व मोडीच्या मेळातून 'मुक्तलिपी' उभी केली. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची प्रेरणा कपाटातल्या जुन्या दप्तरांत होती, जी बाकीचे लोक वाळवीला सोडून देतात. मराठवाड्यातही कितीतरी जुन्या घरांत मोडीचे कागद अजून फडक्यात बांधलेले आहेत.

आजच्या पिढीत 'एक टाइप' या मुंबईच्या गटाने, सारंग कुलकर्णी, गिरीश दळवी, नूपुर दात्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, मोलाचे काम केले. 'बालू' हा टंक नऊ भारतीय लिप्यांत आहे, 'मुक्त' मोबाइलच्या पडद्यावर स्वच्छ वाचता येतो, आणि 'मोदक' तर नावासारखाच, पोट भरून फुगलेला. अक्षराचा आकार मोदकाकडून घ्यावा, ही कल्पना आपल्या स्वयंपाकघरात वावरलेल्या माणसालाच सुचते. शिवाय हे टंक कुणालाही मोफत वापरता येतात. स्टेशन रोडवरच्या पोरालाही.

परभणीत काय आहे

"जगात जर्मनी, भारतात परभणी" असे आम्ही छाती पुढे काढून म्हणतो. शब्दांच्या बाबतीत ते आम्ही बऱ्याच अंशी खरे करून दाखवले आहे. सातोन्यात १९१३ साली जन्मलेले बी. रघुनाथ, 'पीकपाणी'पासून शेतकऱ्याची भाषा कवितेत आणणारे इंद्रजित भालेराव, 'आलोक'साठी २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळवणारे आसाराम लोमटे. यांच्यामुळे इथली काळी माती महाराष्ट्राने वाचली. पण ती महाराष्ट्राने पाहिली आहे का? कादंबरीत लाल बैल असतो आणि मुखपृष्ठावर पांढरा येतो.

पाहण्यासारखे किती आहे! सेलू तालुक्यात वालूरला बारव आहे. काठावर उभे राहून खाली पाहिले की पायऱ्या सरळ उतरत नाहीत, गोल फिरत पाण्याकडे जातात, आणि डोळा आपोआप त्यांच्यामागे फिरतो. गावाने ती गाळातून मोकळी केली. कुठल्याही डिझाइन शाळेत गतीचा याहून चांगला धडा मिळणार नाही. जिंतूर तालुक्यात चारठाण्याची हेमाडपंती मंदिरे आणि कोरीव खांब आहेत, त्याच तालुक्यात नेमगिरीच्या डोंगरात जैन लेणी आहेत. फेब्रुवारीत परभणीला तुराबुल हक बाबांच्या उरुसात हिरव्या चादरी, जिलेबीचा केशरी आणि पाळण्यांचे दिवे एकमेकांत मिसळतात.

गंगाखेड जनाबाईचे. विठ्ठल तिच्या जात्याला हात लावतो आहे, हे चित्र कॅलेंडरांवर आपण अनेकदा पाहिले. त्यात जनाबाई गुळगुळीत आणि गोरी. पण गंगाखेडच्या एखाद्या मुलीने आपल्या आजीला जात्यावर बसलेली पाहून ती काढली, तर एक पाय लांब पसरलेला असेल, खुंट्यावर दोन हात एकावर एक असतील, पदर खांद्यावरून घट्ट खोचलेला असेल. पैठणकडची जुनी चित्रकथी चित्रे आठवा. मोठे डोळे, ठाम बाह्यरेषा, ओळखीचे रंग. तीच गोदावरी पुढे पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा करत जाते. त्या रेषेवर आमचाही हक्क आहे.

आणखी जवळ या. वाकळ घ्या. जुन्या लुगड्याचा हिरवा, धोतराचा मळकट पांढरा, पोराच्या सदऱ्याच्या चौकड्या. आई काठापासून धावदोरा घालत आत यायची. कुठला तुकडा कुठल्या तुकड्याशेजारी बसवायचा, हे ठरवताना ती तुकडे जमिनीवर मांडून, दोन पावले मागे सरून पाहायची. चाचांचे "आधी जागा बघायची" तिने कधी ऐकले नव्हते, पण ती तेच करत होती. तांड्यावरच्या बंजारा बायांची आरसे लावलेली कशिदाकारी बघा. कृषी सेवा केंद्रात जाऊन बियाण्याच्या पिशव्या बघा. 'परभणी क्रांती' ही भेंडी आणि 'परभणी मोती' ही ज्वारी इथल्या कृषी विद्यापीठाने देशाला दिली. या दोन नावांना शोभेल असे चित्र आणि अक्षर कुणीतरी मनापासून करायला हवे.

दुरुस्त करणारे डोळे

आज फ्लेक्सच्या दुकानांत, डीटीपी सेंटरांत, लग्नपत्रिकांच्या छापखान्यांत बसलेली शेकडो पोरे हेच आपले डिझायनर आहेत. कोरल आणि श्रीलिपीवर त्यांचा हात सफाईने चालतो. दिवसाला वीस कामे, गिऱ्हाईक डोक्यावर उभे, अर्ध्या तासात प्रिंट हवी. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. आता तर सांगितले की चित्र काढून देणारी यंत्रेही आली. पण जे जास्त वेळा काढले गेले आहे, तेच त्या यंत्राच्या पोटात जास्त असते. ज्याचे चित्रच नाही, ते यंत्राला कुठून ठाऊक असणार? म्हणून आधी कुणीतरी ते हाताने काढलेच पाहिजे.

त्या दिवशी मी पोराला म्हटले, "घाई नाही मला. तुझाच बैल काढ." त्याने मोबाइलमधला घरच्या बैलाचा फोटो पडद्यावर घेतला आणि त्यावरून रेषा ओढू लागला. वशिंड जमले, पोळी जमली, गडद लाल रंग भरला. तेवढ्यात दारात थांबलेले ते गिऱ्हाईक, डोक्याला गमछा बांधलेले म्हातारे बाबा, आत आले आणि पडद्याजवळ वाकले.

"कंधारी हाय ना ह्यो? मंग डोळ्याभवती काळं कडं कुठंय? अन् शिंग इतकं लांब नस्तं, लेकरा."

पोराने फोटो मोठा करून पाहिला. खरेच, डोळ्याभोवती काळे वर्तुळ होते. त्याने कडे काढले, शिंग आखडते घेतले. बैल एकदम बघू लागला.

मला वाटते, शैली अशीच घडते. दूरचे चित्र चुकले तरी आपल्याला कळत नाही, म्हणून ते कायम गुळगुळीत राहते. जवळचे चित्र चुकले की दारातला माणूस सांगतो. दलालांपासून पुरंदऱ्यांपर्यंत ज्यांची चित्रे आपण आपली मानली, त्यांच्या चित्रांतही पाहणाऱ्याला आपल्या ओळखीचे काही ना काही तपासून घेता आले. परभणीत असे तपासणारे डोळे गावोगाव आहेत. वाट पाहायची ती काढणाऱ्या हातांची.

पोळ्याला तो बॅनर वेशीवर लागला. बैल घेऊन येणारा प्रत्येक जण त्याखाली थांबत होता. बॅनरवरची नावे वाचून माणसे पुढे जायची, आणि चार पावलांवर जाऊन पुन्हा मागे वळून बैलाकडे बघायची.